विण्याआधीचा प्रवास आणि यकृतातील चरबी : एका संकरित गाईचे प्रकरण

श्रीगोंदा तालुक्यातील काष्टीच्या जनावरांच्या बाजारातून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात विकत घेतलेली एक एचएफ (होल्स्टीन फ्रीजियन) संकरित गाय, व्यायल्यानंतर नवव्या दिवशी खुराक खात नाही आणि दूध एकाएकी बरेच घटले, म्हणून मला दाखवण्यात आली. तिसऱ्या वेताची, अंगाने भरलेली, कातडी तुकतुकीत अशी ही गाय बाजारात चांगल्या किमतीला गेली होती, आणि ती किंमत मुख्यतः तिच्या अंगावरच्या चरबीनेच मिळवून दिली होती. पुढे जे घडले त्यात याच चरबीचा मोठा हात असल्यामुळे हे आधीच नोंदवून ठेवतो.

मालकाने सांगितलेली हकीगत अशी. खरेदीच्या वेळी गाय साधारण साडेआठ महिन्यांची गाभण होती. बाजारात ती दीड दिवस उन्हात उभी होती, तेथे तिला थोडा कडबा आणि दोनदा पाणी एवढेच मिळाले, आणि त्यानंतर पिकअपमधून सुमारे ८० किलोमीटरचा प्रवास झाला. नव्या गोठ्यात आधीच्या सहा गाई होत्या. त्यांतील दोन थोराड गाई नव्या गाईला गव्हाणीपाशी येऊ देत नव्हत्या, त्यामुळे इतर गाई खाऊन बाजूला झाल्यावर जे उरेल तेवढेच तिच्या वाट्याला येत होते. खरेदीनंतर बाराव्या दिवशी, म्हणजे अपेक्षेपेक्षा थोडी लवकर, ती व्यायली. वार वेळेत पडली नाही, दुसऱ्या दिवशी औषधोपचारानंतर पडली. पाचव्या दिवशी १८ लिटर दूध होते, नवव्या दिवशी ते ११ लिटरवर आले. तिने आधी सरकी पेंड आणि गोळी पेंड सोडली, मग मुरघास सोडला, आणि वाळला कडबा मात्र थोडाफार चघळत राहिली. कितनबाधा, म्हणजे किटोसिस (चरबी अर्धवट जळून बनणारी किटोन द्रव्ये रक्तात वाढण्याचा आजार) झालेल्या गाईत खाणे सोडण्याचा हा क्रम इतका ठरलेला असतो की तो ऐकताच निदानाची दिशा पुष्कळशी ठरून जाते.

तपासणीत ताप नव्हता, १०१.४ अंश फॅरनहाइट एवढेच तापमान होते. कोठीपोटाची, म्हणजे चारा आंबवणाऱ्या पहिल्या मोठ्या पोटाची, हालचाल मंद होती. डाव्या कुशीवर टिचकी मारून स्टेथोस्कोपने ऐकले असता चौथे पोट सरकल्याचा धातूसारखा आवाज आला नाही. कास मऊ होती, सडांतून गाठी येत नव्हत्या आणि गर्भाशयाचा स्राव घट्ट होऊ लागला होता, त्याला दुर्गंधी नव्हती. शेण कोरडे व चिकट होते. श्वासाला किटोन द्रव्यांचा तो ओळखीचा गोडसर वास होता, जो नेलपॉलिश काढण्याच्या द्रवाची आठवण करून देतो. दुधावर किटोन द्रव्ये ओळखणारी रोथेरा चाचणी केली तेव्हा काही क्षणांतच गडद जांभळा रंग आला. मूत्रावर ही चाचणी ताज्या व्यायलेल्या अनेक गाईंत थोडीफार होकारार्थी येते, म्हणून मी दुधावरच्या निकालाला अधिक महत्त्व देतो. हातातल्या मीटरवर रक्तातील बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट हे मुख्य किटोन द्रव्य लिटरला ३.८ मिलिमोल आले. १.२ च्या पुढे छुपी कितनबाधा धरली जाते आणि ३ च्या आसपास बहुतेक गाई उघड लक्षणे दाखवू लागतात. रक्तशर्करा १०० मिलिलिटरला ३६ मिलिग्रॅम होती.

या तपासणीइतकीच बोलकी गोष्ट मालकाच्या खिशात होती. नवी गाय कशी निघते हे पाहायचे म्हणून तो तिचे दूध संकलन केंद्रावर वेगळे मोजून घेत होता, आणि केंद्राच्या पावत्या त्याने जपून ठेवल्या होत्या. पाचव्या दिवशी फॅट ४.१, सातव्या दिवशी ४.८ आणि नवव्या दिवशी ५.६, तर एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले इतर घन पदार्थ, ८.४ वरून ८.१ वर. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या मापावर ठरत असल्याने एवढी फॅट पाहून त्याला आनंदच झाला होता. “डॉक्टर, दूध कमी झालं खरं, पण फॅट साडेपाचच्या वर गेलीय, म्हणजे गाय चांगली लागली म्हणायची,” असे तो म्हणाला. ती फॅट त्याने घातलेल्या पेंडेतून येत नव्हती, कारण पेंड गाय खातच नव्हती. गाईच्या पाठीवरची आणि कमरेवरची चरबी वितळून रक्तावाटे कासेत उतरत होती, आणि तीच चरबी त्याच वेळी, कासेपेक्षा कितीतरी धोकादायक ठिकाणी, म्हणजे यकृतात साचत होती.

चरबी सुटते कशी

मेदपेशीत चरबी ट्रायग्लिसराइडच्या रूपात साठलेली असते आणि ती बाहेर काढण्याचा सर्वांत जलद आदेश ॲड्रेनलिन व नॉरॲड्रेनलिन या ताणाच्या संप्रेरकांकडून येतो. जनावराला ढकलत गाडीत चढवताना, अनोळखी गाईने शिंग रोखले असता, किंवा पोट रिकामे असताना हा आदेश सुटतो. ॲड्रेनलिन पेशीच्या आत शिरत नाही. ते पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीला चिकटते आणि पेशीच्या आत सायक्लिक एएमपी नावाचा दुसरा निरोप्या तयार होतो. या दुसऱ्या निरोप्याचा शोध अर्ल सदरलंड आणि थिओडोर रॉल यांना १९५० च्या दशकात यकृताच्याच ऊतींवर काम करताना लागला आणि त्या कामासाठी सदरलंड यांना १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मेदपेशीत सायक्लिक एएमपी वाढले की चरबीच्या थेंबाभोवतीचे प्रथिनांचे कवच सैल होते, चरबी तोडणारी विकरे कामाला लागतात आणि सुटी मेदाम्ले अल्ब्युमिन या रक्तप्रथिनाच्या पाठीवर बसून बाहेर पडतात. इन्सुलिन नेमके याच्या उलट करते, म्हणजे ते सायक्लिक एएमपीचा नाश घडवून चरबीला घरातच थोपवून धरते.

कॉर्टिसॉल या ताणाच्या दुसऱ्या संप्रेरकाचे काम याहून संथ आणि अधिक गुंतागुंतीचे आहे. ते तासन्‌तास काम करते, पेशीच्या केंद्रकात जाऊन कोणती विकरे किती बनवायची हे बदलते, मेदपेशीला ॲड्रेनलिनचा आदेश अधिक स्पष्ट ऐकू यावा अशी तयारी करून ठेवते, स्नायू व मेदपेशी यांचा ग्लुकोजचा वापर आखडते आणि यकृताला ग्लुकोज बनवण्यास उद्युक्त करते. विण्याच्या काळात हे संप्रेरक मुळातच वाढलेले असते. प्रसूतीची सुरुवातच वासराच्या अधिवृक्क ग्रंथीतून येणाऱ्या कॉर्टिसॉलने होते आणि त्यापाठोपाठ आईच्या रक्तातील पातळीही विण्याच्या दिवशी उंचावते, मग काही दिवसांत खाली येते. त्यातच दूध सुरू होताना वृद्धिसंप्रेरक वाढते, जे मेदपेशींना ॲड्रेनलिनबाबत आणखी हळवे करते, आणि इन्सुलिन मात्र घटते. निरोगी गाईतही विण्याच्या आगेमागे ही सारी संप्रेरके चरबी सोडण्याच्याच बाजूने झुकलेली असतात. वासरासाठी दूध उभे करण्याची ही निसर्गाची व्यवस्था आहे, तिला रोग म्हणता येणार नाही. विण्यापूर्वीच्या तीन आठवड्यांत गाईचे खाणे साधारण ३० टक्क्यांनी घटते, आणि त्यातील बरीचशी घट अखेरच्या आठवड्यात होते, हेही याच व्यवस्थेच्या कडेने चालते.

आमच्या गाईच्या बाबतीत या व्यवस्थेवर तीन ओझी वाढली. पहिले म्हणजे तिचा शरीर गुणांक, म्हणजे अंगावरच्या चरबीचे माप, ५ पैकी ४ च्या वर होता, आणि अशा लठ्ठ गाई विण्याच्या सुमारास इतरांपेक्षा कमी खातात व अधिक चरबी सोडतात. दुसरे ओझे बाजार आणि प्रवासाचे. तिसरे गव्हाणीवरच्या रोजच्या हुसकावणीचे. यांपैकी प्रवासालाच सगळा दोष देण्याचा मालकाचा कल होता आणि तो मला पूर्ण पटत नाही. गाडीत चढवताना आणि पहिल्या काही तासांत वाढलेले कॉर्टिसॉल एक-दोन दिवसांत पूर्ववत होते, त्यामुळे तीन आठवड्यांनंतरच्या आजाराचा थेट संबंध त्या ८० किलोमीटरशी जोडता येत नाही. प्रवासाने उपासमारीची सुरुवात करून दिली, पण गाईला दिवसातून अनेकदा घाबरवणारी आणि बारा दिवस अर्धपोटी ठेवणारी गोष्ट गोठ्यातच होती, आणि माझ्या मते खरे नुकसान तेथे झाले.

उन्हाबद्दलही येथेच सांगितले पाहिजे, कारण “ऊन बाधलं” हे शेजाऱ्यांचे निदान होते. उष्णतेने गाईचे खाणे घटते यात शंका नाही. परंतु उन्हाच्या ताणाखालील दुभत्या गाईंत, खाणे घटूनही, रक्तातील सुटी मेदाम्ले अपेक्षेइतकी वाढत नाहीत आणि इन्सुलिन तुलनेने चढेच राहते, असे आढळलेले आहे. अशी गाय दूध घटवते, पण चरबीला फारसा हात लावत नाही. ताण हा शब्द एक असला तरी प्रत्येक ताण यकृताशी सारखा वागत नाही, आणि या गाईतील चरबीच्या लोंढ्याचे उत्तर उन्हात शोधणे चुकीचे ठरले असते.

यकृतात काय झाले

रक्तात जेवढी मेदाम्ले येतात त्या प्रमाणात यकृत ती उचलते. नको म्हणण्याची सोय त्याच्याकडे जवळजवळ नाही. आत आलेल्या मेदाम्लापुढे तीन वाटा असतात. तंतुकणिकेत जाऊन जळणे ही पहिली, पुन्हा ट्रायग्लिसराइड बनून यकृतातच साचणे ही दुसरी, आणि प्रथिनांच्या वेष्टनात, व्हीएलडीएल या कणांच्या रूपात, रक्तात परत पाठवले जाणे ही तिसरी. गाईची अडचण तिसऱ्या वाटेत आहे. रवंथ करणाऱ्या जनावरांचे यकृत व्हीएलडीएल फार हळू बाहेर टाकते. माणसाचे किंवा उंदराचे यकृत साखरेपासून स्वतः चरबी बनवते आणि तिची निर्यातही करते, गाईत मात्र चरबी बनवण्याचे काम मुख्यतः मेदपेशीच कोठीपोटात बनणाऱ्या ॲसिटेटपासून करतात आणि यकृताला तिच्या निर्यातीची फारशी सवय नसते. म्हणून माणसाच्या फॅटी लिव्हरविषयीचे ज्ञान जसेच्या तसे गाईला लावता येत नाही. माणसात आहारातील जादा साखर यकृतात चरबी बनून साचू शकते, तर गाईत यकृतातील चरबी जवळजवळ सगळी अंगावरून उतरलेली असते, म्हणजे उपाशी गाईचेच यकृत चरबीने भरते.

पहिल्या वाटेच्या दारावर सीपीटी-१ हे विकर पहारा देते. डॅलस येथे डेनिस मॅकगॅरी आणि डॅनियल फॉस्टर यांनी १९७७ मध्ये उंदरांच्या यकृतावर दाखवून दिले की मॅलोनिल-कोए हा रेणू हे दार बंद ठेवतो. पोट भरलेले आणि इन्सुलिन पुरेसे असताना मॅलोनिल-कोए भरपूर असते व दार बंद असते. ग्लुकागॉन हे इन्सुलिनच्या उलट काम करणारे संप्रेरक वाढले, इन्सुलिन घटले की मॅलोनिल-कोए कमी होऊन दार उघडते. गाईत आणखी एक कुलूप आहे. कोठीपोटात तयार होणाऱ्या प्रोपिओनेटपासून ग्लुकोज बनत असताना मधल्या पायरीवर येणारा मिथिलमॅलोनिल-कोए हा रेणूही हे दार अडवू शकतो. गाय पेंड आणि मुरघास खात असते तोवर प्रोपिओनेट येत राहते आणि दार मर्यादित उघडते. खाणे थांबले की दोन्ही कुलपे सैल होतात आणि मेदाम्ले तंतुकणिकेत लोटली जातात.

तेथे ती पूर्ण जळावीत यासाठी ऑक्झॅलोॲसिटेट हा रेणू लागतो, पण कासेला हव्या असलेल्या ग्लुकोजसाठी यकृत तेच खर्च करत असते. एक लिटर दुधामागे गाईला अंदाजे ७० ग्रॅम ग्लुकोज लागते, म्हणजे १८ लिटरला जवळजवळ सव्वा किलो. आतड्यातून गाईला ग्लुकोज फारच थोडे मिळते, ते बहुतेक सगळे यकृतालाच बनवावे लागते. ही ओढाताण सुरू असताना मेदाम्ले अर्धवट जळून किटोन द्रव्ये बनतात. ती पूर्णपणे वाया जात नाहीत, हृदय, स्नायू आणि कास त्यांचा वापर करतात. मात्र ती फार वाढली की गाय खाणे आणखी कमी करते, खाणे कमी झाले की प्रोपिओनेट आणखी घटते आणि चरबी आणखी सुटते. जळण्याच्या वाटेवर न मावलेली मेदाम्ले दुसऱ्या वाटेने यकृतपेशींत थेंब होऊन बसतात आणि अशी फुगलेली पेशी ग्लुकोज बनवण्याच्या कामातही मागे पडते. आमच्या गाईच्या रक्तात एएसटी हे, यकृतपेशींना इजा झाली की रक्तात वाढणारे विकर वाढलेले आले. ते एकट्या यकृताचे नसले तरी लठ्ठ अंग, अडकलेली वार आणि पुढे दिसलेला सावकाश प्रतिसाद यांच्या सोबतीने यकृतात बरीच चरबी साचली आहे, असे मानूनच मी उपचार आखले.

मालकाने दोन दिवस अर्धा अर्धा किलो गूळ पाण्यात कालवून पाजला होता. त्यामागची माया खरी होती, पण कोठीपोटात गेलेली साखर तेथेच आंबते, ग्लुकोज म्हणून रक्तात पोहोचत नाही, आणि आंबताना बनणाऱ्या ब्युटिरेटपासून कोठीपोटाच्या भिंतीत बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेटच तयार होते. गूळ थांबवण्यास सांगितले.

उपचार आणि एक पेच

पहिल्या दिवशी २५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलिलिटरच्या दोन बाटल्या शिरेतून दिल्या. त्यातून मिळणारे २५० ग्रॅम ग्लुकोज काही तासांत संपते आणि काही भाग मूत्रावाटे निघूनही जातो, म्हणून सलाईनने गाय बरी होते हा समज योग्य नाही. सलाईन फक्त पहिला धक्का देते. खरा भार ३०० मिलिलिटर प्रोपिलीन ग्लायकॉल दिवसातून एकदा तोंडाने, पाच दिवस, यावर होता. ते काही अंशी प्रोपिओनेट बनून आणि काही अंशी तसेच यकृतात पोहोचून ग्लुकोजमध्ये बदलते, आणि एकदम पाजल्याने इन्सुलिनची जी उसळी येते ती मेदपेशींना चरबी रोखण्याचा निरोप देते. प्रोपिओनेटपासून ग्लुकोज बनण्याच्या मार्गावर बी-१२ जीवनसत्त्व लागत असल्याने तेही टोचले.

पेच होता डेक्सामेथासोनचा. हे औषध कॉर्टिसॉलच्याच जातीचे, त्याहून अनेक पटींनी प्रभावी. ताणाच्या संप्रेरकांनी यकृत चरबीने भरले असे म्हणायचे आणि त्याच गाईला ताणाचे संप्रेरक टोचायचे, हे मालकाला पटेना, आणि त्याचा प्रश्न मला रास्त वाटला. याचे उत्तर असे की कॉर्टिसॉलचा परिणाम त्याच्या सोबतीला कोण आहे यावर ठरतो. उपाशी गाईत, ॲड्रेनलिन चढे आणि इन्सुलिन उतरलेले असताना, ते चरबी सोडण्यास हातभार लावते. परंतु शिरेतून ग्लुकोज मिळत असताना आणि तोंडाने प्रोपिलीन ग्लायकॉल जात असताना डेक्सामेथासोन मुख्यतः दोन कामे करते. ते कासेची ग्लुकोजची उचल कमी करून दूध तात्पुरते घटवते, आणि रक्तशर्करा वाढवते. शर्करा वाढली की तिच्यामागे इन्सुलिनही वाढते आणि मेदपेशी आवरतात. थोडक्यात ते ग्लुकोजचा सर्वांत मोठा ग्राहक, म्हणजे कास, काही दिवस शांत करते.

तरीही मी ते पहिल्या दिवशी दिले नाही. वार अडकलेल्या गाईत गर्भाशयाचा संसर्ग दबा धरून असू शकतो आणि हे औषध प्रतिकारशक्ती दाबते. दुसऱ्या दिवशी ताप नसल्याची व स्राव स्वच्छ असल्याची पुन्हा खात्री करून २० मिलिग्रॅमची एकच मात्रा स्नायूत दिली आणि ती पुन्हा दिली नाही. गाभण गाईला, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, हे औषध वेळेआधी विण्यास भाग पाडू शकते, कारण वासराच्या कॉर्टिसॉलची ते हुबेहूब नक्कल करते. या गोठ्यात त्याच वेळी दुसरी गाभण गाय असल्याने उरलेले औषध मी मालकाकडे ठेवले नाही.

तिसऱ्या दिवशी बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट २.४ वर आले आणि दूध ९ लिटरपर्यंत उतरले. दूध आणखी उतरलेले पाहून मालक खचला, तेव्हा ही घट औषधाचीच आहे आणि आज ती आपल्या फायद्याची आहे, हे त्याला पुन्हा समजावून सांगावे लागले. पाचव्या दिवशी गाईने मुरघास घेतला, सातव्या दिवशी पेंडेला तोंड लावले. आठव्या दिवशी मीटरवर १.० आले. साध्या कितनबाधेत गाय दोन-तीन दिवसांत खुराकावर परतते, हिला आठवडा लागला, आणि याचे कारण मी यकृतातील चरबीलाच मानतो, कारण निर्यात मंद असल्याने एकदा साचलेली चरबी निघायला गाईला कित्येक आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्याअखेर दूध १६ लिटर आणि फॅट ३.९ होती. त्या वेतात ती २० च्या पुढे गेली नाही, आणि माजावर येण्यासही तिने अडीच महिने घेतले.

गोठ्यात दोन बदल केले. गव्हाणीची लांबी वाढवणे शक्य नसल्याने विण्याच्या आधीच्या तीन आठवड्यांत गाभण गाय एका शांत स्वभावाच्या ओळखीच्या गाईसोबत दुसऱ्या बाजूला बांधायची आणि तिच्यापुढे चारा दिवसातून चार वेळा टाकायचा असे ठरले. गाभण गाय घ्यायचीच असेल तर ती सहाव्या-सातव्या महिन्यातली आणि मध्यम अंगाची घ्यावी, असेही सुचवले. दुसरी गाभण गाय जूनमध्ये व्यायली. सातव्या दिवशी सकाळी मालकाचा फोन आला. गाय खात होती, दूधही कमी झाले नव्हते, मात्र पावतीवर फॅट ३.७ वरून एका दिवसात ४.९ झाली होती. मीटरवर १.६ आले. तीन दिवस प्रोपिलीन ग्लायकॉल पाजले, सुई टोचावी लागली नाही, आणि चौथ्या दिवशी फॅट ४ च्या खाली आली.